नोकरी सांभाळून संमोहनोपचार आणि मानसोपचार शिकायचाय? मग या क्रमाने जा

शनिवार-रविवारच्या संमोहन शिबिरांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. दोन-तीन दिवस, एखाद्या हॉटेलचा हॉल, शेवटी प्रमाणपत्र आणि ‘आजपासून तुम्ही थेरपिस्ट’ असं आश्वासन. नोकरी आणि घर सांभाळून माणसांसाठी काहीतरी करावं असं ज्यांना मनापासून वाटतं, तीच मंडळी या जाहिरातींकडे ओढली जातात. मी ठाण्यात पूर्णवेळ नोकरी करत या क्षेत्रात आले. आधी एम.ए., मग एका उपचारपद्धतीचं प्रशिक्षण, त्यानंतर संमोहन. आता संध्याकाळी आणि शनिवारी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करते. वाटेत असे बरेच जण भेटले ज्यांनी आधी संमोहन शिकून घेतलं होतं. समोरच्याला डोळे मिटायला लावणं त्यांना छान जमायचं. पण तो माणूस हमसून रडायला लागला की पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. संमोहन हे उपचाराला हातभार लावणारं तंत्र आहे. उपचार आधी शिका, संमोहन नंतर. भूल देता आली म्हणून शस्त्रक्रिया येत नाही. या क्रमाने गेलात तर नोकरी सांभाळून साधारण चार-पाच वर्षं लागतील. हा काळ मोठा वाटेल, पण दुसऱ्याच्या मनाला हात घालायचा तर एवढा वेळ द्यायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. पाटीवर काय लिहिणार ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपल्याकडे मनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे वेगवेगळे गट आहेत आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

सायकिअॅट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर. निदान आणि औषधं हे त्यांचं काम. मराठी वर्तमानपत्रांत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच वापरतात, त्यामुळे डॉक्टर नसताना ही पाटी लावू नका. लोकांची दिशाभूल होते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता मानसिक आजारांवर काम करणारा तज्ज्ञ, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत नाव लागतं. १९९२ च्या कायद्याने ही परिषद चालते. वर्षानुवर्षं त्यासाठी दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. हा मुख्य रस्ता होता. आता त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत, पण तेही रुग्णालयात दिवसभर काम करूनच पूर्ण होतात. नोकरी सोडायची तयारी नसेल तर हा रस्ता तुमचा नाही, हे आजच मान्य करा. ‘आमच्या वीकेंड कोर्सनंतर तुम्ही क्लिनिकल लावू शकता’ असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून या.

तिसरा गट मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचा. २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात वर्तनविषयक आरोग्य या सदराखाली क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक येतात. शिक्षण कसं असावं आणि नोंदणी कशी व्हावी, हे या कायद्याखाली ठरत जाणार आहे. त्यामुळे आज घेतलेली पदवी उद्या नोंदणीला चालेल का, हा प्रश्न प्रवेश घेण्याआधी विचाराच.

आणि संमोहनोपचार? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ रोजी एक आदेश काढला. त्यात संमोहनोपचार आणि अॅक्युपंक्चर यांना उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी ते वापरावेत असं म्हटलं. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीसारखी स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून ही मान्यता नाही. हा आदेश दाखवून ‘संमोहनाला सरकारी मान्यता आहे, म्हणून आमच्या कोर्सलाही आहे’ असं सांगणारे खूप आहेत. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. संमोहन शिकलात म्हणून नावाआधी ‘डॉ.’ लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग नोकरी करणाऱ्या माणसाला प्रामाणिकपणे काय होता येतं? मानसशास्त्रात एम.ए. केलेला, एखाद्या मान्य उपचारपद्धतीत प्रशिक्षित, देखरेखीखाली काम करणारा आणि गरजेनुसार संमोहन वापरणारा समुपदेशक. पाटीवर तेवढंच लिहा.

२. संमोहनाबद्दलचं डोक्यातलं चित्र साफ करा

रंगमंचावर कोंबड्यासारखं आरवणारा माणूस विसरून जा. संमोहनात माणूस झोपलेला नसतो. लक्ष एका गोष्टीवर खूप एकवटलेलं असतं, आजूबाजूचं भान कमी झालेलं असतं आणि सूचनेला मन जास्त प्रतिसाद देतं. त्याला ऐकू येत असतं, नको वाटलं तर तो डोळे उघडू शकतो.

या विद्येच्या इतिहासात भारताचंही पान आहे. जेम्स एस्डेल नावाचे स्कॉटिश सर्जन १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीला मेस्मेरिझम (संमोहनाचं जुनं रूप) वापरून शस्त्रक्रिया करत होते, आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यांच्यासाठी एक रुग्णालय उघडलं गेलं. तेव्हा क्लोरोफॉर्म यायचा होता. तो आला आणि हे काम मागे पडलं. साधारण त्याच काळात जेम्स ब्रेड यांनी मेस्मेरिझमचे जनक मेस्मर यांची ‘चुंबकीय द्रवाची’ कल्पना बाजूला सारून संमोहनाला शास्त्राच्या वाटेवर आणलं.

आजच्या अभ्यासातून कळलेल्या दोन गोष्टी विद्यार्थ्याने पक्क्या कराव्यात. पहिली: सगळे सारखे संमोहित होत नाहीत. वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्डला यासाठी मोजपट्टी तयार केली. साधारण दहापैकी एक-दोन जण खूप सहज संमोहित होतात, जवळपास तेवढेच जेमतेम होतात, बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. म्हणजे ‘शंभर टक्के निकाल’ हा दावा मुळातच खोटा. दुसरी: संमोहनाचा उपयोग ठराविक ठिकाणी चांगला दिसतो. पीटर व्हॉरवेल यांनी मँचेस्टरमध्ये केलेला आतड्यांच्या विकाराचा, म्हणजे आयबीएसचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००८ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांनी वर्षभरात फरक न पडलेल्या रुग्णांसाठी संमोहनोपचाराचा विचार करावा असं नमूद झालं. वेदना आणि दाताच्या उपचारांची भीती यांतही मदत होते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारख्या गंभीर मानसिक आजारांत संमोहन हा उपचार नाही, उलट धोका होऊ शकतो.

आता पूर्वजन्माबद्दल. पास्ट लाइफ रिग्रेशनचे, म्हणजे संमोहनात मागचा जन्म ‘आठवायला’ लावण्याचे कोर्स सगळ्यात जोरात विकले जातात, आणि मला त्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. संमोहनात आठवणी ‘परत’ येतात तेव्हा त्या खऱ्या असतीलच असं नाही. माणसाचा त्यांवरचा विश्वास मात्र वाढतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की लहानपणी बाजारात हरवल्याची न घडलेली आठवणसुद्धा काही लोकांच्या मनात रुजवता येते. आधीच खचलेल्या माणसाला ‘तुमच्या नवऱ्याने मागच्या जन्मी तुम्हाला मारलं होतं’ असं चित्र मिळालं की घरं मोडतात. अभ्यासक्रमात हा भाग असेल तर कोर्स घेऊ नका.

३. पाया घाला: मानसशास्त्राची पदवी

काही वर्षांपूर्वीपर्यंत नोकरी करणाऱ्यांचा ठरलेला रस्ता होता: इग्नूमधून, म्हणजे घरून शिकता येणाऱ्या मुक्त विद्यापीठातून, मानसशास्त्रात एम.ए. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिका, बँक कर्मचारी, एच.आर.मधली माणसं याच वाटेने आली. हा रस्ता आता बंद झाला आहे. वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यात मानसशास्त्र हा विशेष विषयही आला, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत असे आदेश यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना दिले. जुने लेख आणि व्हिडिओ अजून इग्नूचंच नाव सांगतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. एखादं खासगी विद्यापीठ आजही ‘ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी’ विकत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासा.

म्हणजे आता नियमित महाविद्यालय. घाबरू नका, वाट निघते. मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत जवळच्या महाविद्यालयांत स्वतः जाऊन विचारा: एम.ए.ची व्याख्यानं सकाळच्या सत्रात असतात का? हजेरीची अट किती? प्रात्यक्षिकं कोणत्या वारी? बी.ए.ला मानसशास्त्र नव्हतं तर चालेल का? काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, काही ठिकाणी चालत नाही. फोनवर नीट उत्तरं मिळत नाहीत. विभागप्रमुखांना भेटलात तर पंधरा मिनिटांत सगळं कळतं.

कार्यालयात बोलणीही याच वेळी करा. इंटर्नशिपच्या महिन्यांत तुम्हाला सलग रजा लागेल, ती आधीपासून साठवा. सरकारी कर्मचारी असाल तर शिक्षणासाठी परवानगी घ्या आणि पुढे खासगी काम करायचं असेल तर महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे त्यासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागते हे ध्यानात ठेवा. फी घेऊन समुपदेशन हेही खासगी कामच.

शिक्षक असाल तर आणखी एक चांगली वाट आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम मुख्यतः शिक्षकांसाठी असतो. काही भाग घरून, काही प्रत्यक्ष केंद्रावर, काही शाळेत काम करून. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या प्रादेशिक संस्थेकडे येतात. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. शाळेतल्या मुलांसोबत काम करायचं असेल तर मी हाच सुचवीन. मात्र तो मानसोपचाराच्या प्रशिक्षणाची जागा घेत नाही.

४. एक उपचारपद्धती निवडा आणि तिच्यात मुरा

एम.ए.मध्ये सिद्धांत कळतात. माणसासमोर बसायचं कसं, हे उपचारपद्धतीच्या प्रशिक्षणात कळतं. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ पद्धतीचं, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या, अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणाऱ्या आरईबीटीचं, चांगलं वातावरण आहे. मराठीतून त्यावर भरपूर बोललं, लिहिलं जातं आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी हा विचार अनेक वर्षं रुजलेला आहे. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी एरन बेक यांची पद्धत, तीही संमोहनाबरोबर छान जाते. कार्ल रॉजर्स यांचं व्यक्तिकेंद्री काम ऐकायला शिकवतं.

कोणतीही घ्या, पण एकच घ्या आणि किमान वर्षभर तीच वापरा. दर महिन्याला नवा कोर्स करणारे मला खूप दिसतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्रांची फाइल जाड असते. क्लायंट तिसऱ्या सत्रात अडकला की मात्र ते पद्धत बदलतात, आणि अडकलेल्या जागी थांबून काम करायला कधी शिकत नाहीत.

५. आता संमोहन: संस्था पारखून घ्या

इथवर आलात की तुम्ही साध्या ग्राहकापेक्षा कितीतरी सजग असता. तरी काही खाचखळगे सांगते.

‘सरकारमान्य’ म्हणजे काय ते विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), ट्रस्टची नोंदणी, कंपनीची नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र यांपैकी एकही गोष्ट अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. दुकानदारालाही उद्यम नोंदणी मिळते. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. ‘मानद डॉक्टरेट’ देऊ करणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ या शब्दाने भारावून जाऊ नका. तुलनेसाठी ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथेही ‘हिप्नोथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव नाही, पण २००८ साली सुरू झालेल्या सीएनएचसीसारख्या ऐच्छिक नोंदवह्या आहेत. तिथल्या संमोहनोपचाराच्या एका रुळलेल्या पदविकेत सुमारे ४५० तासांचा अभ्यास असतो, त्यातले १२० तास समोरासमोर. मानसोपचारासाठी तर साधारण चार वर्षांचं प्रशिक्षण. (लंडन-बर्मिंगहॅमकडच्या मराठी वाचकांनी हे आकडे आपापल्या नोंदवहीकडून ताजे करून घ्यावेत.) आता तुमच्या समोरच्या जाहिरातीतले तास मोजा.

फी भरण्याआधी संस्थेला हे विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

- शिकवणाऱ्यांची मूळ पदवी कोणती? त्यांची आरसीआय किंवा वैद्यकीय नोंदणी आहे का?
- प्रवेशाला पात्रता काय? ‘कोणीही’ हे उत्तर चांगलं लक्षण नाही.
- एका तुकडीत किती जण, आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष सराव किती तास?
- सराव सत्रावर कोण देखरेख करतं? कोर्स संपल्यावरही ती मिळते का?
- कोणावर संमोहन वापरू नये, यावर स्वतंत्र तास आहे का?
- मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का?

जाहिरातीतल्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो, तोही विचारून घ्या. आणि ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ असेल तर रात्री बारापर्यंत काहीही भरू नका. चांगली संस्था पुढच्या तुकडीतही तुम्हाला घेते.

एक गोष्ट मी आवर्जून करायला सांगेन: त्या संस्थेतून दोन-तीन वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसांशी बोला. संस्थेने दिलेली नावं नकोत, तुम्ही स्वतः शोधलेली हवीत. त्यांतले किती जण आज खरोखर काम करतात आणि किती जण स्वतःच कोर्स विकू लागले आहेत, यावरून सगळं लक्षात येतं.

६. देखरेख आणि स्वतःचं समुपदेशन

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण इथे प्रमाणपत्र मिळत नाही आणि पैसे मात्र जातात. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन: अनुभवी समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसमोर तुमच्या केसेस नियमित मांडायच्या. क्लायंटचं नाव-गाव बदलून, लेखी परवानगी असेल तर ध्वनिमुद्रणासह. पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला तरी भेट हवी. सुपरव्हायझर तुम्हाला असे प्रश्न विचारतील: तिसऱ्या मिनिटाला ती गप्प झाली, तेव्हा तू लगेच का बोललीस? संमोहन आज का वापरलंस, त्याची गरज होती की तुला करून पाहायचं होतं? या प्रश्नांनी माणूस तयार होतो.

विशेषतः अॅब्रिअॅक्शन, म्हणजे संमोहनात अचानक दाबलेली भावना उफाळून येणं, ते कसं हाताळायचं याची तयारी सुपरव्हायझरसमोर बसून आधी केली पाहिजे. आवाज शांत आणि सपाट ठेवायचा. स्पर्श करायचा नाही. घाईने ‘डोळे उघडा’ म्हणायचं नाही. ‘तुम्ही आत्ता ठाण्यात, या खोलीत आहात, खुर्चीचा आधार पाठीला आहे’ असं सांगत माणसाला वर्तमानात आणायचं, आणि सत्राचा उरलेला वेळ त्यावर बोलायला ठेवायचा. संमोहन तिथेच थांबवायचं. हे पाठ करून जमत नाही, सरावानेच जमतं.

स्वतःही समुपदेशन घ्या. दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय ती खुर्ची किती अवघड असते हे कळत नाही. आपल्या घरातल्या जुन्या जखमा क्लायंटच्या गोष्टीत मिसळू नयेत, यासाठी दुसरा उपाय मला माहीत नाही.

७. सूचना मराठीत लिहायला शिका

कोर्समध्ये तुम्हाला इंग्रजी स्क्रिप्टची जाडजूड फाइल मिळेल. ती वाचा आणि बाजूला ठेवा. ‘तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर आहात’ हे वाक्य बीडच्या एखाद्या आजोबांना काहीच देत नाही, आणि पाण्याची भीती असलेल्या बाईला तर घाबरवतं. आधी विचारा: शांत वाटणारी तुमची जागा कोणती? कोणी बांधावरचं लिंबाचं झाड सांगेल, कोणी आजीच्या घराची ओसरी, कोणी लोकलमधली खिडकीची सीट. सूचना त्या जागेतून बांधा.

संबोधनही विचारून ठरवा. पन्नाशीच्या बाईंना संमोहनात ‘तू’ म्हटलं तर काहींना खूप आपलेपणा वाटतो, काहींचे डोळे लगेच उघडतात. मुलांना ‘तू’च बरं. कोल्हापूरकडचा, वऱ्हाडातला, कोकणातला माणूस आपल्या बोलीत विचार करतो, तुमचं पुस्तकी मराठी त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्याचेच दोन-चार शब्द सत्रात वापरा.

सूचना नकारात नको. ‘तुला परीक्षेची भीती वाटणार नाही’ म्हटलं की भीतीच मनात येते. त्याऐवजी: ‘पेपर हातात आला की एक लांब श्वास सुटेल, आणि डोळे पहिल्या प्रश्नावर जातील.’ वाक्य छोटं ठेवा. मोठ्याने वाचून स्वतःच्या फोनवर मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. घाई कुठे झाली ते लगेच कळतं.

८. कागदपत्रं आणि साधनं

प्रवेशासाठी:

- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- महाविद्यालय सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- मधे वर्षं गेली असतील तर खंडाबाबतचं प्रतिज्ञापत्र
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद. बायकांचे अर्ज इथेच अडकतात, आधी तयार ठेवा.
- आधार, फोटो, लागू असल्यास जातीचे दाखले, एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या नोंदीचा ओळख क्रमांक)
- कार्यालयाचं ना हरकत पत्र

कामासाठी:

- लेखी संमतीपत्र, मराठीत, एका पानाचं: संमोहन म्हणजे काय, ते कधीही थांबवता येतं, गोपनीयता कुठवर, फी किती
- पहिल्या भेटीचा तक्ता: आजार, चालू औषधं, फिट्सचा इतिहास, आधीचे उपचार
- कुलूप असलेलं कपाट किंवा पासवर्ड असलेली फाइल
- टेकून बसता येईल अशी खुर्ची. पलंग नको.
- शांत खोली, दाराला काच असेल तर उत्तम. पंख्याचा आवाज आधी तपासा.
- संदर्भ यादी: जवळचे दोन सायकिअॅट्रिस्ट, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, जिल्हा रुग्णालय, आणि टेलीमानसचा १४४१६ क्रमांक. फोनवरून मानसिक आधार देणारी ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली.

स्वतःची जागा घेतलीत तर मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेने महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कराची नोंदणी मात्र वेगळी करा.

९. आठवडा आणि पैसा

रोज थोडं थोडं, असं या अभ्यासात चालत नाही. वाचनाला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि सरावाला शनिवार मोकळा ठेवा. रविवार घराचा. घरच्यांना हे आधी सांगा आणि भिंतीवर लिहून लावा, म्हणजे पाहुणे आले की वाद होत नाही.

कोर्ससाठी कर्ज काढू नका. पहिली दोन वर्षं या कामातून मिळकत धरू नका, उलट सुपरव्हिजनचा खर्च धरा. नोकरी सोडण्याचा विचार तर लांबच. नोकरी आहे म्हणूनच तुम्ही चुकीच्या क्लायंटला ‘नाही’ म्हणू शकता.

१०. पहिले क्लायंट

शक्यतो सुरुवात एखाद्या संस्थेत, शाळेत किंवा धर्मादाय दवाखान्यात करा, जिथे शेजारच्या खोलीत वरिष्ठ असतात. पहिल्या दोन-तीन भेटींत संमोहन वापरूच नका. फक्त ऐका, इतिहास घ्या, नातं जमू द्या.

माणूस आत्महत्येबद्दल बोलत असेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, खूप संशय घेत असेल, अनेक रात्री न झोपता अति उत्साहात असेल, दारू नुकतीच सोडली असेल, बाळंतपणानंतर अचानक वागणं बदललं असेल, तर संमोहन नाही. त्याच दिवशी सायकिअॅट्रिस्टकडे पाठवा आणि गेले की नाही याची चौकशी करा. डोकेदुखी, पोटदुखी, अंगदुखी घेऊन आलेल्यांना आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगा. चालू गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. फिट्स येत असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

सत्र संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवा, पाणी द्या, तारीख-वार विचारा. लगेच दुचाकी चालवू देऊ नका.

गोपनीयतेला मर्यादा आहे हे संमतीपत्रात असू द्या. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. इथे पालकांची परवानगी लागत नाही. पहिला फोन सुपरव्हायझरला करा, पण त्यासाठी कळवणं लांबवू नका.

जाहिरातीत ‘खात्रीशीर’, ‘एका बैठकीत’, ‘समूळ नष्ट’ हे शब्द नकोत. औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधात १९५४ पासून कायदा आहे, त्याच्या यादीतले ५४ आजार आणि विकार बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही येतं. पाटीवर नाव, खरी पदवी, प्रशिक्षण आणि भेटीची वेळ पुरे.

शेवटचं, नातेवाइकांबद्दल. तुम्ही शिकताय हे कळलं की मामा, मावशी, शेजारच्या काकू, ऑफिसातले साहेब सगळे येतील. ‘जरा मुलाचं मोबाइलचं वेड उतरव ना’, ‘आमच्या सुनेला समजाव ना’. त्यांना घेऊ नका. तुमच्या समोर ते मोकळे होणार नाहीत, आणि झाले तरी पुढच्या लग्नात एकमेकांच्या डोळ्यांत बघणं अवघड होईल. मी असं म्हणते: ‘मावशी, मी भाची म्हणून तुझ्याबरोबर आहेच, पण हे काम माझ्या ओळखीच्या एका चांगल्या बाई करतील. नंबर देते, पहिल्या वेळी सोबत येते हवं तर.’ आणि असे दोन नंबर फोनमध्ये आधीपासून ठेवते.